डिसेंबरात गळणारा पत्रा: निफाड तालुक्यातल्या एका ब्रॉयलर शेडचं प्रकरण

फोन आला तो पत्र्याबद्दल. "डॉक्टर, शेडचा पत्रा गळतोय. कोंबड्यांखालचं तूस सगळं ओलं झालंय आणि दोन दिवसांपासून मर वाढलीये." डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. निफाड तालुक्यात पाऊस होऊन महिना उलटून गेला होता. मी म्हटलं, "नाना, पाऊस कुठे पडला?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "तेच तर कळंना. पहाटे गळतो, दुपारी कोरडा."

निम्मं निदान फोनवरच झालं. तरी गळण्याची वेळ गाठायची म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला शेडवर जाऊन उभा राहिलो. थंडीतल्या शेडचं दुखणं रात्रीचं असतं आणि आपल्याकडची बहुतेक पाहणी सकाळी अकरानंतर, ऊन चढल्यावर होते. तेव्हा पडदे उघडलेले असतात, पत्रा तापलेला असतो आणि रजिस्टरवर सही करून माणूस पुढच्या शेडवर जातो. वास, धूर, ओल, सगळं तोवर निघून गेलेलं असतं. उरते ती मर, आणि तिला मग औषध लिहून दिलं जातं.

निफाडची थंडी महाराष्ट्राला पेपरातून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. त्या आठवड्यात रात्री ८ अंशांपर्यंत उतरत होता आणि दुपारी २७-२८ पर्यंत चढत होता. एका दिवसात वीस अंशांचा हा चढउतार लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

नाना मूळचे द्राक्षवाले. बागेला जोड म्हणून त्यांनी कराराची ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची, शेड घातली होती: २०० फूट लांब, ३० फूट रुंद, पूर्व-पश्चिम. दीड फुटाची बुटकी भिंत, तिच्यावर जाळी, वर पत्रा. पाच हजार पक्षी, वय २० दिवस. करारात पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची असतात. शेड, वीज, पाणी, मजुरी, तूस आणि गॅस शेतकऱ्याचा. यातला गॅस महत्त्वाचा. ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीचं, प्रत्येक सिलिंडर नानांच्या खिशातून जात होतं, त्यामुळे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडायचे, हा त्यांचा हिशेब होता. वरवर तो बरोबरही दिसतो.

दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाना माझ्या शेजारी शांत उभे. "वास येतो का हो?" मी विचारलं. "थोडा असतोच की कोंबड्यांचा," ते म्हणाले. अमोनियात रोज वावरणाऱ्याचं नाक मरतं, ते खोटं बोलत नव्हते. मी पक्ष्यांच्या उंचीला खाली बसलो आणि दोन श्वासांत उठलो. उभ्या माणसाला जो वास लागतो तो तुसावर चोवीस तास बसलेल्या पक्ष्याला लागणारा वास नव्हेच. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर जाऊ नये असं शास्त्र सांगतं आणि माणसाचे डोळे चुरचुरू लागले की ती रेघ आपण ओलांडली असं मी धरून चालतो. मीटर माझ्याकडे त्या दिवशी नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. भिंतीकडेचे पाच-सहा पक्षी डोळे अर्धवट मिटून, मान पंखात घासत बसले होते.

मग बॅटरीचा झोत वर मारला. पत्र्याच्या आतल्या बाजूला नळीनळीतून थेंब लोंबत होते आणि पन्हळीच्या उतारानं घरंगळत वळचणीकडे येऊन दोन्ही भिंतींलगतच्या तुसावर टपटपत होते. पत्र्याला भोक एकही नव्हतं. आढ्यावर हवा जाण्यासाठी ठेवलेली फट होती, तिच्यात युरियाच्या रिकाम्या गोण्या कोंबलेल्या होत्या. दोन्ही बाजूंचे पडदे खालपासून वरपर्यंत गच्च बंद. आत तापमान २४ अंश, आर्द्रता ८५ टक्के. बाहेर ८ अंश.

२४ अंशांची, ८५ टक्के ओलाव्याची हवा २१ अंशांच्या आसपास थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटू लागतं. बाहेरच्या थंडीनं पत्रा १० अंशांच्या घरात गेलेला. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला जसा घाम सुटतो तसा सहा हजार चौरस फुटांच्या पत्र्याला रोज रात्री सुटत होता.

पण हे पाणी आलं कुठून? नानांना वाटत होतं, धुक्यातून. "पहाटे दंव पडतं डॉक्टर, उघडलं तर सगळी ओल आत येईल." जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात कुणीतरी मला हेच सांगतं, म्हणून इथे जरा थांबतो.

वीस दिवसांचा पक्षी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य खातो आणि खाद्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. पाच हजार पक्ष्यांचं झालं ९०० ते १००० लिटर. त्यातला पाचवा-चौथा हिस्सा पक्ष्याच्या अंगी लागतो. उरलेलं, म्हणजे ७०० लिटरच्या वर पाणी, श्वासातून आणि विष्ठेतून शेडमध्येच येतं. दोनशे लिटरची साडेतीन पिंपं रोज तुसावर ओतल्यासारखं. नानांचे पडदे संध्याकाळी पाचला बंद व्हायचे आणि सकाळी नऊला उघडायचे. त्या सोळा तासांच्या वाट्याला यातलं साडेचारशे लिटर तरी येतं. शिवाय गॅस. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. १९ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ३० लिटर. ब्रूडरची धुराडी बाहेर काढलेली नसेल तर ऊब आणि ओल एकाच ज्वाळेतून मिळते, आणि जळायला लागणारा प्राणवायू जातो तो पक्ष्यांच्या वाट्याचा.

आता बाहेरची हवा. ८ अंशांची हवा, अगदी धुक्यानं भरलेली, शंभर टक्के ओली, एका घनमीटरात जेमतेम ८ ग्रॅम पाणी बाळगते. तीच हवा शेडमध्ये येऊन २४ अंशांवर तापली की तिची आर्द्रता उतरते ३५ टक्क्यांवर. म्हणजे नानांच्या दृष्टीनं जी ओली हवा, ती आत आल्यावर कोरड्या फडक्यासारखी काम करते. आतून निघून जाताना ती १४ ग्रॅम पाणी घेऊन जाते, घनमीटरामागे सहा ग्रॅमांचा नफा. साडेचारशे लिटर असं बाहेर काढायचं तर शेडमधली सगळी हवा तासाला दोन-अडीचदा बदलायला हवी. थोडी हवा, पण रात्रभर, न थांबता. उन्हाळ्यात पडदे उघडतो ते पक्षी गार व्हावेत म्हणून. हिवाळ्यात उघडायचे ते पाणी फेकण्यासाठी. ही दोन वेगळी कामं आहेत आणि पडदा एकच असल्यामुळे घोटाळा होतो.

मी हे आकडे वहीत मांडत होतो तेव्हा नाना नुसते "हं, हं" करत होते. पटलं ते बागेच्या भाषेत. मी विचारलं, "बागेत पानं दाट झाली, हवा खेळेना झाली, की काय होतं?" "डावणी," द्राक्षावरच्या बुरशीचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. "मग काय करता?" "पानं विरळ करतो. हवा खेळती ठेवतो." एवढं बोलून ते स्वतःच आढ्यातल्या गोण्यांकडे बघायला लागले.

दिवस उजाडल्यावर तूस पाहिलं. मुठीत घट्ट दाबून सोडायचं: गोळा होऊन लगेच विस्कटला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त, आणि गोळा होतच नसेल तर धूळ. भिंतीलगतच्या तुसाचा लाडू वळला आणि तो तसाच राहिला. ड्रिंकरखाली, म्हणजे पाण्याच्या भांड्यांखाली, तर दोन-अडीच इंचांची भाकर धरली होती. हे घंटेच्या आकाराचे बेल ड्रिंकर फार खाली टांगलेले होते. त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, इथे ती छातीखाली, त्यामुळे प्रत्येक घोटामागे थोडं सांडत होतं. पक्ष्यांचे तळवे उलटे करून पाहिले, काळे डाग पडायला लागले होते.

एक गोष्ट नानांनी दबकत सांगितली. वास वाढला म्हणून आठवड्यापूर्वी त्यांनी तुसावर चुना पसरला होता. "सुकेल म्हटलं. पण त्या रात्री शेडमध्ये उभं राहवेना." साहजिक आहे. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जंतू अमोनिया तयार करतात, त्यांना ओल हवी आणि अल्कधर्मी जागा हवी. चुन्यानं तूस आणखी अल्कधर्मी होतं आणि तुसात अडकलेला अमोनिया एकदम वायू होऊन वर उठतो. चुना मारायचा तो शेड रिकामी असताना. भरल्या शेडमध्ये, तेही पडदे लावून, चुना म्हणजे आगीत तेल. पक्षी आत असताना काही टाकायचंच असेल तर सुपर फॉस्फेटसारखं आम्लाच्या बाजूचं, आणि तेही हवा चालू करून. पाणी बाहेर जात नसेल तर कुठलीच पावडर फार दिवस पुरत नाही.

त्या सकाळचे सहा मेलेले पक्षी उघडले. तिघांच्या पोटात पेंढ्याच्या रंगाचं पिवळट पाणी, त्यात जेलीसारख्या गाठी, आणि हृदयाची उजवी बाजू फुगून लिबलिबीत झालेली. तिन्ही नर, तिन्ही अंगानं दांडगे. दोघांच्या हवेच्या पिशव्यांवर दुधाळ पापुद्रा, म्हणजे कोलाय, ई. कोलाय जंतूंचा संसर्ग. सहाव्यात काही ठळक सापडलं नाही. पोटात पाणी होण्याचं दुखणं हे मुळात प्राणवायूच्या टंचाईचं. झपाट्यानं वाढणाऱ्या पक्ष्याला जास्त प्राणवायू लागतो, थंडीनं ती गरज आणखी वाढते, बंद शेडमध्ये तो मिळत नाही. हृदय फुप्फुसांकडे जास्त जोरानं रक्त ढकलत राहतं आणि उजवी बाजू थकते. कोलायचं कारणही तिथेच. श्वासनलिकेतली बारीक लव घाण बाहेर झाडत असते, अमोनियानं ती लुळी पडली की जंतूंना वाट मोकळी. नानांच्या रजिस्टरवर अँटिबायोटिकचे दोन कोर्स लिहिलेले होते. औषध चुकीचं नव्हतं, पण हवा तीच होती.

एवढं सगळं दिसूनही नानांना मूर्ख म्हणता येणार नाही, कारण त्यांचे पडदे उलटे बांधलेले होते. वरची कड वळचणीला खिळे मारून पक्की, आणि उघडायचा तर खालून गुंडाळत वर न्यायचा. अशा पडद्याला रात्री वीतभर फट ठेवली तर आठ अंशांचा वारा थेट पिल्लांच्या अंगावर येतो. नानांनी दहाव्या दिवशी तसं करून पाहिलं होतं, पिल्लं गोळा झाली, आणि त्यांनी पुन्हा पडद्याला हात लावला नाही. पडद्याची खालची कड बुटक्या भिंतीला पक्की हवी आणि तो वरून खाली उतरायला हवा, म्हणजे फट वळचणीपाशी राहते, थंड हवा वर शिरते आणि वरच्या उबेत मिसळून मग खाली येते. दोरी आणि कप्पीचं काम आहे. शेड बांधतानाच ते केलं असतं तर खर्च तेवढाच होता.

त्या दिवशी केलं ते असं. आढ्यातल्या गोण्या काढल्या. ऊन चढल्यावर दक्षिणेचा पडदा पूर्ण उघडला, तासाभरानं उत्तरेचा. धरलेली भाकर फावड्यानं सोलून गोण्यांत भरून थेट शेडबाहेर. आत फोडायची नाही, फोडली की कोंडलेला वायू सुटतो. तिच्या जागी कोरडं तूस. ड्रिंकर वर घेतले. पडद्यांची वरची पट्टी उचकटून दर दहा फुटांवर दोरी बांधली, म्हणजे कप्प्या येईपर्यंत तरी वरून फट ठेवता येईल. नानांच्या सूनबाईंनी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून दिली. संध्याकाळी ती फटीपाशी धरली. धूर आत वळला, पत्र्याखालून थोडा पुढे गेला आणि पसरत आढ्याकडे निघाला. मला बरं वाटलं. दोन्ही बाजूंना सारखी वीत-वीत फट ठेवून मी घरी गेलो.

ही माझी चूक. पहाटे तीनला फोन. मध्यरात्रीनंतर उत्तरेचा वारा सुटला होता, समोरासमोरच्या सारख्या फटींतून तो आरपार वाहायला लागला आणि पक्षी दक्षिणेच्या भिंतीला एकमेकांवर चढले. सकाळपर्यंत ११ पक्षी दबून मेले. नाना रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "उदबत्ती संध्याकाळी लावली होती डॉक्टर, वारा रात्रीचा असतो." ज्या गोष्टीवरून मी अकराच्या पाहणीला नावं ठेवतो तीच मी केली होती.

दुसऱ्या रात्री मी शेडवरच थांबलो. उत्तरेची फट चार बोटांवर आणली, दक्षिणेची वीतभर ठेवली. उत्तरेच्या बाजूनं जाळीबाहेर हातभर अंतरावर शेडनेट ताणली, वाऱ्याचा जोर मोडायला. थर्मामीटरपेक्षा पक्ष्यांकडे बघून जास्त कळत होतं: भिंतीपासून सरकले की वारा लागतोय, ब्रूडरखाली ढीग झाला की थंडी, शेडभर सैल पसरून बसले की ठीक. तीन वेळा दोऱ्या सैल-घट्ट केल्या. तापमान २२ वर उतरलं होतं. तीन आठवड्यांच्या, पिसं भरत आलेल्या कोरड्या पक्ष्याला ते थोडं कमी आहे, पण सोसतं. ओल्या तुसावरच्या पक्ष्याला २४ सुद्धा बोचतं. त्या रात्री एक ब्रूडर जास्त चालवला. गॅस वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पत्र्यावर नुसता ओलसरपणा होता, थेंब नव्हते. आर्द्रता ७० च्या खाली आली. वास जायला आठवडा लागला, कारण तुसात मुरलेलं पाणी एका रात्रीत निघत नाही. रोज दुपारी दोन माणसं तूस खालीवर करत होती, पडदे उघडे ठेवून. भिंतीलगत तूस कोरडं झालं तसं जास्तीचा ब्रूडर बंद करता आला.

मर मात्र लगेच थांबली नाही. ज्यांचं हृदय आधीच फुगलेलं होतं ते पक्षी पुढचे आठ-दहा दिवस जात राहिले, एखाद-दुसरा रोज. नानांना हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. नाहीतर चौथ्या दिवशी पडदे पुन्हा वर गेले असते. त्या बॅचचा एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) बिघडला तो बिघडलाच, आणि पक्षी वाढवण्याबद्दल कंपनीकडून मिळालेल्या ग्रोइंग चार्जेसमधून गॅस वजा जाता फार काही उरलं नाही.

पुढची बॅच फेब्रुवारीत होती आणि ती छान गेली. कप्प्या बसल्या होत्या, पडदे सुलटे झाले होते. पण त्याचं श्रेय मी घेत नाही, फेब्रुवारीच्या मध्यानंतर निफाडची रात्र पुष्कळ सोपी झालेली असते. हाच हिशेब घेऊन जुलैत कुणी अलिबाग-रोह्याकडच्या शेडवर गेलं तर तोंडघशी पडेल. तिथे पावसाळ्यात बाहेरचीच हवा २६-२७ अंशांची आणि नव्वद टक्क्यांच्या वर ओली असते. आत येऊन ती तापत नाही, म्हणून तिची तहानही वाढत नाही. तिथे पंख्यानं हवा हलती ठेवणं, तूस जाड घालणं आणि पाणी सांडू न देणं यावरच भिस्त. वाहतं वारं आणि कोरडं करणारं वारं एक नव्हे.

खरी परीक्षा पुढच्या डिसेंबरात. नानांनी पडद्याच्या दोऱ्यांना सुतळीच्या गाठी मारून ठेवल्या होत्या: पहिली गाठ चार बोटं, दुसरी वीत, तिसरी हात. उदबत्तीचा पुडा शेडच्या दाराशी खुंटीला. ब्रूडिंगच्या तिसऱ्या दिवसापासून उत्तरेला दोन बोटांची फट. बॅच अठरा दिवसांची असताना पहाटे पावणेपाचला त्यांचा फोन आला आणि मी दचकून उठलो.

"काही नाही, पत्रा कोरडा आहे," ते म्हणाले. "पण वारा फिरलाय, पूर्वेकडनं येतोय. पिल्लं त्या टोकाच्या भिंतीपासून दोन फूट सरकलीत. दाराच्या फटीला गोणपाट लावू, की उत्तरेची एक गाठ कमी करू?"

"गोणपाट लावा," मी म्हटलं. "गाठीला हात लावू नका."